चौऱ्याहत्तर सालचा रुपया

टी. नगर, मद्रास
१२ फेब्रुवारी १९९२

प्रिय गजेंद्र,

तुझ्या मुंजीनंतर न दिसलेली काकी एकदम पत्र लिहिते म्हणजे तिचं काही तरी काम अडलेलं असणार, हे तू ओळखलंच असशील. बरोबर ओळखलंस. तुझे वडील आणि माझे यजमान सख्खे चुलतभाऊ. तुझ्या वडिलांनी तंजावर सोडून पुणं गाठलं, आम्ही मद्रासला आलो आणि मग दोन्ही घरांची गाठ फक्त लग्नपत्रिकांतून पडत राहिली. आमच्या घरातलं मराठी तुला अर्धंच कळेल, म्हणून हिंदीच्या परीक्षांसाठी मुलींना शिकवता शिकवता कमावलेली देवनागरी आणि पुण्याच्या मासिकांतून उचललेली भाषा घेऊन बसले आहे. हसू आलं तर हस, पण वाच.

आमचे घरमालक वारले. मुलं परदेशी असतात, त्यांनी घर विकायला काढलंय. खालचा भाग, म्हणजे मी तीस वर्षं राहते तो, मला पाच लाखांत द्यायला ते तयार आहेत. एप्रिलअखेर होय म्हणायचं, नाही तर सामान बांधायचं. मूलबाळ नाही, वय अठ्ठावन्न. या वयात नवीन गल्ली, नवीन दूधवाला, नवीन शेजारीण, हे माझ्याच्याने होणार नाही, हे तुला सरळच सांगते.

माझ्याकडे एकच गोष्ट आहे: पालार पंप्सचे दोन हजार शेअर. तुझे काका अंबत्तूरला त्यांच्या कारखान्यात वर्क्स मॅनेजर होते. पंचाहत्तर साली कंपनीकडे बोनस द्यायला पैसे नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांना आणि काही कामगारांना बोनसऐवजी शेअर वाटले. मी तेव्हा कपाळाला हात लावला होता. पुढे ते वाढत वाढत दोन हजार झाले. हे जाताना एवढंच म्हणाले, "शेअर विकूं नको, अन्नू." का, ते सांगायला वेळ मिळाला नाही.

आता भाव तीनशे दहा आहे. पाँडी बझारात कढीपत्ता विकणारी बाई परवा मला शेअरचा भाव विचारत होती. तू कॉस्ट अकाउंटंट. सांग, विकू की यांचा शब्द पाळू?

तुझी,
अन्नपूर्णाकाकी

*

पुणे
२६ फेब्रुवारी १९९२

काकी,

तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, ही तक्रार आधी नोंदवतो.

भाव तीनशे दहा आहे हे खरं, पण भाव म्हणजे किंमत नव्हे. आमच्या ऑफिसात सध्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळे शेअर घेताहेत आणि कंपनी काय बनवते ते कुणालाच माहीत नाही. मी तुमच्यासाठी जुन्या पद्धतीने हिशेब करणार आहे. समजा, तुमच्या गल्लीत एकाचं इडलीचं दुकान आहे. वर्षाचा नफा तो छातीठोकपणे सांगतो. पण ग्राइंडरचा दगड झिजलाय, तो बदलायला हवा. चार खानावळींकडे उधारी अडकलीय. तांदूळ भाव वाढतील म्हणून जास्त भरून ठेवलाय. हे सगळं वजा केल्यावर गल्ल्यात जे खरोखर उरतं, जे घरी नेलं तरी दुकान उद्या तसंच चालेल, त्याला मी मोकळी रोकड म्हणतो. दुकानाची किंमत त्यावरून करायची. नफ्यावरून केली तर फसायला होतं.

एका वर्षाची रोकड पाहून चालत नाही. एखादं वर्ष बरं जातं, एखादं वाईट. म्हणून वीस वर्षांची सरासरी काढायची. आणि त्यातही मेख आहे: वीस वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया यांची बेरीज होत नाही. आधी महागाईच्या सरकारी निर्देशांकाने प्रत्येक वर्षाची रोकड आजच्या रुपयांत आणायची, मगच सरासरी. मग वर्षाला एवढी रोकड देणाऱ्या कारखान्याला शहाणा माणूस काय मोजेल, ते ठरवता येतं.

कंपनीचे वार्षिक अहवाल आहेत का? जितके जुने असतील तितके पाठवा.

गजेंद्र

*

मद्रास
५ मार्च १९९२

गजेंद्र बाळा,

अहवाल आहेत. तुझ्या काकांनी वहाणेचा जुना जोडसुद्धा टाकला नाही, अहवाल कुठून टाकणार? एकाहत्तरपासूनचे सगळे रजिस्टर्ड पार्सलने पाठवले आहेत. पोस्टातल्या माणसाने वजन करून विचारलं, "अम्मा, आवक्काय लोणचं का?" मी म्हटलं, त्यापेक्षा खारट आहे.

तुझं इडलीचं दुकान मला पटलं. तीस वर्षं मी संसार केला तो याच हिशेबाने, फक्त त्याला मोकळी रोकड म्हणतात हे ठाऊक नव्हतं. पगार किती यापेक्षा छत्री, चष्मा आणि पाहुणे उरकल्यावर काय राहतं, एवढंच मी पाहत आले.

एक सुचवू? चौऱ्याहत्तर साल वगळ. ते वर्ष फार वाईट होतं. नफा वीस वर्षांत सगळ्यात कमी, बारा लाख, तूच बघशील. तुझी सरासरी उगाच खाली येईल. त्या वर्षाबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

काकी

*

पुणे
१६ मार्च १९९२

काकी,

मार्चअखेरीची धामधूम चालू आहे, तरी एका ज्युनिअरला हाताशी घेऊन तुमचं काम उरकलं. पत्र घाईत लिहितो आहे.

बातमी चांगली आहे. काकांचा शब्द पाळा, विकू नका. चौऱ्याहत्तर मी वगळलं नाही, वगळायचं नसतं. पण त्याने काही बिघडतही नाही, कारण जुनी सगळी वर्षं किरकोळच आहेत. त्या साली मोकळी रोकड सतरा लाख, आजच्या रुपयांत बारा लाख. सत्त्याऐंशी साली पंचवीस लाख, आजचे जेमतेम साडेसात. आणि अठ्ठ्याऐंशीनंतर कंपनीने जी उडी घेतली आहे ती पाहून मी थक्क झालो! एकोणनव्वदला एकदम एकोणचाळीस लाख. हा कारखाना म्हणजे आता दुसराच कारखाना झाला आहे. अशा वेळी वीस वर्षांच्या सरासरीला काही अर्थ उरत नाही, नवीन वाढच धरली पाहिजे. पाच वर्षांत हा भाव दुप्पट झाला तर मला नवल वाटणार नाही.

घरासाठी कर्ज काढू. शेअर तारण ठेवता येतील, मी जामीन राहीन.

गजेंद्र

*

मद्रास
२१ मार्च १९९२

गजेंद्र,

तुझं पत्र अलमेलूला वाचून दाखवलं. अलमेलू म्हणजे वरच्या मजल्यावरची, माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, टीचर, घर पण मिळणार, शेअर पण राहणार, पायसम करा. मी दूध तापत ठेवलं आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. मग दूध उतू गेलं.

चौऱ्याहत्तरचे सतरा लाख म्हणजे आजचे बारा लाख? म्हणजे त्या वेळचा रुपया आजच्या सत्तर पैशांचा? अरे, पुण्यात स्वस्ताई आली आहे की काय?

आमच्याकडे पुरट्टासी महिन्यात, दिवाळीच्या आधी, एका शनिवारी व्यंकटेशाच्या नावाने समाराधना असते. पंचवीस पानं, म्हणजे पंचवीस माणसांना जेवायला बोलावतो. लग्न झाल्यापासून तोच बेत: आंबट सांबार, डांगर पच्चडी, दोन भाज्या, चित्रान्न, वडे, पायसम. देवाचं आहे म्हणून त्यात काही वाढवायचं नाही, कमी करायचं नाही, स्वस्तातलं घालायचं नाही. त्र्याहत्तर साली त्याला मला एकशे ऐंशी रुपये लागले. गेल्या वर्षी आठशे दहा. जेवण तेच, पानं तेवढीच. मग त्या वेळचा रुपया आजच्या साडेचार रुपयांएवढा नको का? तुझा निर्देशांक कुठल्या घरी जेवतो?

चौऱ्याहत्तरचा आकडा माझ्याकडे नाही, कारण त्या साली समाराधना मोडली. एकदाच मोडली. पुरट्टासीचे सगळे शनिवार हे कारखान्यात होते. सकाळी जायचे ते काळवंडल्या तोंडाने अवेळी यायचे आणि जेवता जेवता झोपायचे. मी विचारलं, तुम्ही वर्क्स मॅनेजर आहांत की भट्टीवरचे हमाल? हे पानावरून उठून हात धुवायला गेले. त्यात माझ्या पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. मोठ्या आशेने आलेलं होतं, माझं वय उलटून चाललं होतं. इस्पितळात हे आले ते अंगावर भट्टीची राख घेऊन, आणि तासाभरात परत गेले. वर्षअखेरीला नफा सगळ्यात कमी, साहेबांनी भर सभेत यांना बोल लावला, आणि बोनसच्या जागी कागद आले. मला वाटलं, यासाठी? या कागदांसाठी?

मी या वर्षाबद्दल लिहिणार नव्हते. तुझ्या सत्तर पैशांनी लिहायला लावलं.

काकी

*

पुणे
२९ मार्च १९९२

काकी,

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं.

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सरकारने अठ्ठ्याऐंशी साली निर्देशांकाची मोजपट्टी बदलली. जुन्या पट्टीवर आकडा आठशेच्या पुढे गेला होता, नव्या पट्टीवर तोच आकडा एकशे सहासष्टच्या आसपास सुरू झाला. जुने आकडे जवळजवळ पाचाने भागून घ्यावे लागतात. ज्युनिअरने भागले नाहीत आणि मी पाहिलं नाही. वाणसामानाच्या याद्या करणाऱ्या कुठल्याही बाईला जे खटकलं असतं ते मला खटकलं नाही. कंपनीने उडी वगैरे काही घेतली नव्हती, मोजपट्टी तेवढी बदलली होती. आणि त्या उडीवर विसंबून मी तुम्हांला कर्ज काढायला सांगत होतो.

मग मी ज्युनिअरला घरी पाठवलं आणि सगळं स्वतः नव्याने मांडलं. वीस वर्षं, एकाखाली एक, सगळी आजच्या रुपयांत. तक्ता सोबत जोडला आहे. काकी, मी बारा वर्षं हिशेब करतो आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. सगळा तक्ता माझ्या डोळ्यांदेखत उलटा झाला. अहवालात नफा चौऱ्याहत्तरनंतर दर वर्षी चढत जातो, बारा लाखांपासून पंचाण्णव लाखांपर्यंत. आणि आजच्या रुपयांतली मोकळी रोकड? ती सत्तरच्या दशकात उंच आहे आणि हळूहळू उतरत आली आहे. नव्वद साली चाळीस लाख. गेल्या वर्षी एकोणतीस.

आणि सगळ्यांत उंच आकडा चौऱ्याहत्तरचा आहे. साठ लाख.

मला खरं वाटेना. तीनदा पडताळलं. नफा सगळ्यात कमी आणि रोकड सगळ्यात जास्त, असं कसं? मग त्या वर्षीचा ताळेबंद नीट वाचला. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला सदोष माल, पंपांची कवचं, त्या साली निम्म्याहून कमी झालेला दिसतो. म्हणजे कुणी तरी तो एकेक उचलून दुरुस्त केला आणि विकला. जुनी उधारी वसूल झाली. नवी भट्टी घ्यायचं आदल्या अहवालात छापलं होतं, ती घेतली नाही. जुनीच पुन्हा बांधून काढली आणि तिचा सगळा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा केला. म्हणून नफा मरतुकडा दिसला. पैसा मात्र आत येत होता, पावसाळ्यातल्या विहिरीसारखा. आला तसा तो जुनी देणी फेडण्यात गेला, म्हणून बोनसला उरला नाही.

तो सगळा माल, ती भट्टी, कारखान्यात कुणाच्या अखत्यारीत होती ते मी तुम्हांला सांगायला नको. काकांचं तोंड कशाने काळं व्हायचं ते मला त्या कागदावर दिसलं. आकड्यांसमोर माझे हात जोडले गेले, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही हसणार नाही.

आता जे लिहायला नको वाटतं ते. वीस वर्षांची सरासरी चव्वेचाळीस लाख, म्हणजे शेअरमागे वर्षाला नऊ रुपयांच्या आत. त्याला शहाणा माणूस दहापट, म्हणजे नव्वद रुपये देईल, फार तर शंभर. बाजार तीनशे दहा देतो आहे. ज्या वर्षांची ही किंमत होती ती वर्षं काकांची होती. आत्ता कारखाना जे मिळवतो ते त्यांच्या निम्मंच आहे. माझ्या मते विकावं. पण हे कागद कशाचे आहेत ते कळल्यावर तुम्हांला विका म्हणायची माझी छाती होत नाही.

गजेंद्र

*

मद्रास
४ एप्रिल १९९२

गजेंद्र,

पत्र पोचलं. आज उत्तर लिहिता येणार नाही. नऊ तारखेला कंपनीची वार्षिक सभा आहे, एग्मोरला. आजवर कधी गेले नाही. आता जाणार आहे.

काकी

*

मद्रास
१४ एप्रिल १९९२

गजेंद्र बाळा,

काल इथे नवीन वर्ष सुरू झालं. कडुलिंबाचं फूल घातलेली पच्चडी खाल्ली आणि आज तुला लिहायला बसले.

सभेला शंभरेक माणसं होती. निम्मी कॉफी आणि मिक्स्चरच्या, म्हणजे चिवड्याच्या, पाकिटासाठी आलेली. ही इथली रीत आहे, त्यात कुणाला लाज वाटत नाही. मलाही पाकीट मिळालं. नवे चेअरमन म्हणजे जुन्या साहेबांचा मुलगा. विक्रमी नफा, पंचाण्णव लाख, टाळ्या. म्हातारे साहेब व्यासपीठाच्या टोकाला शाल घेऊन बसले होते, ऐकू येतं की नाही अशी शंका यावी असे. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मी उभी राहिले. तीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, पण समोर चेअरमन कधी नव्हते.

मी तमिळमध्ये म्हटलं, मी वर्क्स मॅनेजर व्यासराज यांची बायको. विचारायचं काही नाही, सांगायचं आहे. आणि तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. नफा बारा लाख, पण कारखान्याने स्वतःचं पोट भरून आजच्या रुपयांत साठ लाख शिल्लक टाकले. वीस वर्षांत एवढे पुन्हा कधीच नाहीत. त्या वर्षाला याच कंपनीच्या सभेत वाईट म्हटलं गेलं होतं, ते दुरुस्त करून घ्या.

चेअरमन घड्याळ बघून म्हणाले, मॅडम, हे सभेच्या विषयात येत नाही. तेवढ्यात म्हाताऱ्या साहेबांनी हात वर केला. माइक त्यांच्याकडे नेला. ते म्हणाले, "येतं. त्या वर्षी कारखाना बंद करायची नोटीस टाइप होऊन माझ्या खणात होती. व्यासराजने माझ्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. मी म्हटलं, दिली, पण बाहेर कळलं तर उधारीवाले उद्याच दारात येतील. घरी बायकोलासुद्धा बोलायचं नाही. त्याने शब्द दिला. आणि वर्षाच्या शेवटी नफा पाहून मीच त्याला बोललो. मला ही बेरीज येत नव्हती, अम्मा. कुणालाच येत नव्हती."

गजेंद्र, मी अठरा वर्षं त्या वर्षावर रागावले होते. यांच्याबरोबर बारा वर्षं आणि यांच्या माघारी सहा. इस्पितळातून हे तासाभरात उठून गेले, ते दृश्य मी रोज उगाळलं. त्या दिवशी दीडशे घरांच्या चुली यांच्या तोंडातल्या शब्दावर होत्या, आणि माझ्या खाटेशी बसूनही यांनी तो शब्द मोडला नाही. मला सांगितलं असतं तर मी कुणाला सांगितलं असतं का? नसतं. तरी नाही सांगितलं. माझा राग पूर्ण गेला असं खोटं लिहीत नाही. पण आता तो एका मोठ्या माणसावरचा राग आहे. माझ्या घरात एवढं मोठं काही चाललं होतं आणि मी त्याच्या पानात सांबार वाढत होते, हे पुन्हा पुन्हा मनात येतं.

बाहेर कॉफीपाशी एक म्हातारा जवळ आला. मानाजी, भट्टीवरचा मोल्डर, आपल्याच तंजावरकडचा. त्याच्यामागे आणखी काही जण. त्यांनाही पंचाहत्तर साली तेच कागद मिळाले होते, कुणाला शंभर, कुणाला दीडशे. यांना तिथे सगळे सार म्हणत. मानाजी म्हणाला, "अक्का, सार अम्हांस सांगट्ले होते, विकूं नका म्हणून. अम्हि विकलों नाही. अत्ता काय करूं?"

मग मला कळलं, यांनी मला तरी काय वेगळं सांगितलं होतं. त्या काळी दहा रुपयांचा शेअर बाजारात सातला जात होता, आणि यांना ठाऊक होतं की तो सातचा नाही. विकू नको म्हणजे स्वस्तात विकू नको. जाताना तेवढं स्पष्ट करायला दम उरला नव्हता. मी मानाजीला म्हटलं, सारांचं आणि तुमचं जे होतं ते त्या वर्षात आहे, ते कुणी विकत घेऊ शकत नाही. कागदाची किंमत नव्वद आहे आणि आज त्याला तीनशेच्या वर मिळतात. मी उद्या विकणार आहे, सगळे. तुमचं तुम्ही ठरवा.

दहा तारखेला तीनशे बावीसने विकले. घरमालकाच्या मुलाला होय कळवलं.

काकी

*

पुणे
१२ मे १९९२

काकी,

तुमचं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आईने मध्येच थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

तुम्ही विकल्यानंतर भाव चारशेपर्यंत गेला, हे तुम्हांला कळलं असणार. ते दिवस माझे वाईट गेले. तुमचे दीड लाख मी घालवले असं वाटून पेपर उघडवेना. आणि मग एप्रिलअखेर मुंबईत घोटाळा फुटला नि बाजार कोसळला. आमचे साहेब कुणाशी बोलत नाहीत, शिपाई रजेवर आहे. पालार पंप्स काल एकशे चाळीस होता आणि अजून खालीच जातो आहे. नव्वदला थांबेल का, ते मला माहीत नाही. माझी बेरीज किंमत सांगते, तारीख सांगत नाही.

घराचे कागद झाले का? आणि ते भट्टीवरचे लोक? त्यांनी विकले का? मला रोज त्यांची आठवण येते.

गजेंद्र

*

मद्रास
२० जुलै १९९२

गजेंद्र बाळा,

घर माझ्या नावावर झालं. दूधवाला तोच, शेजारीण तीच, नळाचं पाणी तेव्हाही पहाटे यायचं आणि आताही पहाटेच येतं. मालकीण झाले म्हणून ते थांबत नाही.

तू विचारलेल्या लोकांबद्दल मलाही काही कळलं नव्हतं. पत्ता घेतला नव्हता आणि मनात धाकधूक होती. मी म्हटलं म्हणून विकलं आणि दुसऱ्या आठवड्यात भाव चारशे झाला तेव्हा त्यांनी मला काय म्हटलं असेल, हा विचार यायचा. काल रविवारी दुपारी फाटक वाजलं. पाहते तो मानाजी, आणि त्याच्यामागे अकरा जण, धुतलेल्या वेष्ट्या नेसून, केसांना तेल लावून. अंबत्तूरहून दोन बस बदलून आलेले. हातात केळी, विड्याची पानं. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. खुर्च्या चारच, बाकीचे जमिनीवर.

सगळ्यांनी विकले होते, भाव पडायच्या आधी. एकाने मुलीचं लग्न केलं, एकाने सावकाराकडून घर सोडवलं. हे मला विचारल्यावर कळलं. कॉफी झाली, तरी बसून. मला वाटलं, आणखी काही सल्ला हवा असेल, म्हणून मीच म्हटलं, आता बाजारात पैसे घालू नका हं. मानाजीने मान हलवली. मग इकडे तिकडे बघत म्हणाला (आमच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे), "अक्का, त्या दिवशी सभेंत अस्के जण बोलत होते, माझ्या कानांत नीट आलं नाही. तो कागद अहे का? अमच्या सालाचं एकदां वाचाल?"

मी तुझं पत्र आणलं, चष्मा लावला आणि तुझा तक्ता पहिल्या वर्षापासून वाचला, आजच्या रुपयांत, तमिळमध्ये. प्रत्येक साल आलं की ते एकमेकांकडे बघायचे, कुणी बोटांवर मोजायचं, कुणी ओठ हलवून आकडा परत म्हणायचं. चौऱ्याहत्तर आलं तेव्हा जमिनीवर बसलेले पुढे सरकले. साठ लाख, मी म्हटलं. खाली सगळी वर्षं वाचून संपवली. एकोणतीस लाखांवर आले आणि कागद मांडीवर ठेवला.

मानाजी स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. त्यांवर अजून जुन्या भाजल्याचे पांढरे डाग आहेत. मग त्याने विचारलं, "अस्क्या वर्षांत अमचंच मोठं, अक्का?"

"होय मानाजी," मी म्हटलं, "तुमचंच."

तो उठला. बाकीचेही उठले. त्यांनी पैशांबद्दल एक शब्द काढला नाही, आभारही मानले नाहीत. एकेकाने यांच्या फोटोपाशी जाऊन सलाम केला, ड्यूटी संपवून घरी जाताना करतात तसा, आणि पायऱ्या उतरून गेले.

काकी